कॉन्सर्टिना : एकाच बोटाला सगळं काम का? (पेटीवाल्यांनो, या)

रानजाई | शनिवार, रात्री १०.४०

नोकरीनिमित्त तीन वर्षं आयर्लंडमध्ये आहे, काउंटी क्लेअरमधल्या एनिसला. लहानपणी आठ वर्षं पेटी शिकले. इथल्या पबात पहिल्यांदा कॉन्सर्टिना ऐकली तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्या पेटीची चुलत बहीण! तोच भाता, तशाच थरथरणाऱ्या रीड. जुनी एक विकत घेतली. आता वर्ष झालंय. बहीण आहे खरी, पण सरळ नांदणारी नाही.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. षट्कोनी डबा, मधे भाता, दोन्ही टोकांना बटणं. माझी ‘अँग्लो’ जातीची, तीस बटणांची. प्रत्येक हाताला पाच-पाच बटणांच्या तीन ओळी. मधली ओळ पांढरी एकची (म्हणजे तिचा सा पेटीच्या त्या पट्टीवर), तळव्याजवळची पांढरी पाचची, आणि बाहेरच्या ओळीत उरलेसुरले कोमल-तीव्र. खरी मेख पुढे आहे. एकच बटण भाता मिटताना एक सूर देतं आणि उघडताना दुसरा. म्हणजे तीस बटणांत साठ सूर. (खाली मी मिटताना म्हणजे ‘आत’ आणि उघडताना म्हणजे ‘बाहेर’ असं लिहिते. सगळीकडे सा = पांढरी पाच.)

उदाहरणार्थ, डाव्या हाताला मधल्या ओळीत तर्जनीखालचं बटण: आत सा, बाहेर रे. पण हाच रे त्याच हाताला आणखी दोन ठिकाणी आहे. ग एकदा डाव्या हातात, एकदा उजव्या. प चंही तेच. व्हिडिओ बघून शिकले, त्यामुळे प्रत्येक धुनेत प्रत्येक सूर मी वेगळ्या ठिकाणी वाजवते.

आणि दुसरं म्हणजे, माझी उजवी तर्जनी सगळीकडे पळते. ग वाजवला की तीच उडी मारून प वर, परत ग वर. मधे सूर तुटतो. इथल्या बाई शांतपणे सांगतात, ‘एका बोटाने लागोपाठ दोन बटणं नाहीत.’ मान्य! पण मग कुठल्या बोटाने कुठलं बटण, हे ठरवायचं कसं? पेटीवर अंगठा खालून वळवून सुटका व्हायची. इथे अंगठा पट्ट्याबाहेर बसलेला असतो, सूर वाजवायला तो मिळतच नाही.

बेसूरबंड्या | शनिवार, रात्री १०.५२

रुमाल टाकून ठेवतो. हे सर्कशीतले विदूषक वाजवायचे तेच ना?

मध्यमपंचम | रविवार, सकाळी ७.१५

हे वाद्य हातात घेतलेलं नाही, पण पेटीवर चाळीस वर्षं साथ करतोय, म्हणून चार शब्द. तुम्ही शिकताना ‘काळीवर अंगठा नको’ हे ऐकलं असेलच. तो नियम का? तर पुढचं बोट मोकळं राहावं म्हणून. तुमच्या बाई तेच सांगताहेत. हातातल्या सुरापेक्षा पुढच्या सुराचं बोट आधी तयार हवं.

माझा सल्ला साधा. प्रत्येक सुराला एक जागा आणि एक बोट कायमचं नेमून टाका. मग सारेग, रेगम, गमप असे पलटे महिनाभर विलंबितात. धून बाजूला ठेवा.

लीड्सकर | रविवार, दुपारी १.३०

मी इंग्लिश कॉन्सर्टिना वाजवतो. नावं सारखी असली तरी ती वेगळीच वस्तू. आमच्यात आत-बाहेर एकच सूर. सप्तकातले सूर एक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे आलटून पालटून, त्यामुळे सरळ चढताना दोन्ही हात चालल्यासारखे चालतात. आमचा अंगठा एका वाटोळ्या पट्टीत अडकवलेला आणि करंगळी टेकूवर. रानजाईंना हे काही उपयोगाचं नाही, पण व्हिडिओ शोधताना शीर्षकात ‘अँग्लो’ आहे का ते बघा. नाहीतर आमचा धडा तुमच्या वाद्यावर गिरवाल.

अवांतर: इंग्लिश कॉन्सर्टिना काढली चार्ल्स व्हीटस्टनने. बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्याच्या ब्रिजने आपल्याला रडवलं तोच.

काथ्याकुटे | रविवार, दुपारी १.४८

तो ब्रिज व्हीटस्टनचा नव्हे. सॅम्युएल हंटर क्रिस्टीने १८३३ मध्ये मांडला, व्हीटस्टनने दहा वर्षांनी प्रसिद्ध केला आणि नाव त्याचं लागलं. आणि रानजाईंच्या वाद्याचं मूळही त्याच्याकडे नाही. आत-बाहेर वेगळे सूर देणारी जात जर्मनीतल्या केमनिट्झची. कार्ल उलिग, १८३४. ती इंग्लंडमध्ये गेली, तिला तिसरी ओळ जोडली, म्हणून ‘अँग्लो’.

लीड्सकर | रविवार, दुपारी १.५५

हंटर क्रिस्टी! वा. पंचवीस वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या म्हणायचं.

कंदील | रविवार, रात्री ९.२०

गॉलवेला असतो, अँग्लो वाजवायला अकरा वर्षं झाली. जरा लांबलचक लिहितो.

मध्यमपंचम काकांचा सल्ला पेटीला शंभर टक्के लागू. इथे अर्धाच लागतो. पेटीत भाता हवा पुरवतो आणि सूर बोट ठरवतं. अँग्लोत सूर ठरवायला बोट आणि भाता दोघं लागतात. म्हणून बोटं ठरवण्याआधी भाता ठरवायचा: हा तुकडा आत वाजवणार की बाहेर? ते ठरलं की एका सुराच्या तीन जागांपैकी एक-दोन आपोआप बाद होतात. उरलेल्या जागेला बोट लावायला मग फारशी अक्कल लागत नाही.

केश जिग (इथल्या नाचाची एक धून) तुम्हाला शिकवलीच असेल, नवशिक्यांना सगळे तीच देतात. सहा मात्रांची चाल, इथल्या पेटीवाल्यांनी दादरा धरून वाचा:

सा - - सा रे ग | रे - - रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे

तुमची तर्जनी मरते ती शेवटच्या घरात, ‘धपग पगरे’. बरोबर? उजव्या हाताला मधल्या ओळीतलं पहिलं बटण बाहेर ओढलं की ग देतं. शेजारचं दुसरं बटण आत ध, बाहेर प. तुम्ही ही दोन्ही बटणं तर्जनीने वाजवत असणार, कारण तर्जनी जोरकस आणि मधल्या बोटावर भरवसा नाही. आता पहिलं बटण तर्जनीचं, दुसरं मधल्या बोटाचं, असं सक्तीने करा. ध आत, मधलं बोट. बोट तसंच ठेवून भाता फिरवा, प आला. आता भाता बाहेरच जातोय, तो फिरवायचा नाही. ग तर्जनी, प मधलं, ग तर्जनी, रे डाव्या तर्जनीने. सहापैकी पाच सूर एका ओढीत, उडी एकही नाही.

हाच ग डाव्या हाताला आतमध्येही मिळतो. तो घेतलात तर पगपग म्हणजे बाहेर-आत-बाहेर-आत. बोटं छान बसतील आणि भाता उचकी लागल्यासारखा होईल. व्हिडिओवाल्याने त्या जागी तो ग वापरला असेल तर त्याच्या धुनेत पुढेमागे काहीतरी वेगळं असणार. जागा उसनी घेतली की तिचं कारणही घ्यावं लागतं.

मी नवीन धून आली की आधी कागदावर सरगम लिहितो आणि खाली फक्त आ आणि बा. बोटं लिहीत नाही.

रानजाई | रविवार, रात्री ९.५८

दोन्ही बटणं तर्जनीने वाजवते, हे तुम्हाला गॉलवेत बसून कसं दिसलं?

कंदील | रविवार, रात्री १०.०३

मी दोन वर्षं तेच केलं.

मध्यमपंचम | सोमवार, सकाळी ६.५०

कंदील, पटलं. सल्ला अर्धा मागे घेतो. पण ती सरगम वाचून पहाटे गाऊन पाहिली. अहो, हा तर भूप आहे! सा रे ग प ध, सहावा सूरच नाही.

कंदील | सोमवार, सकाळी ९.१०

पुढची ओळ येऊ द्या. तिचा शेवट ‘रे सा नी सा’ असा मंद्र नीवरून होतो. भूपाची समाधी तिथे भंगते.

ओवी | सोमवार, दुपारी ४.४०

थोडा वेगळा सूर लावते. मी दोन वर्षं किलरशला होते, तुमच्याच काउंटीत, खाली शॅननच्या मुखाशी. ते मिसेस क्रॉटींचं गाव. एलिझाबेथ क्रॉटी, १८८५ ते १९६०. नवऱ्याबरोबर चौकात पब चालवायच्या आणि कॉन्सर्टिना वाजवायच्या. पन्नाशीच्या दशकात रेडिओवाल्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि त्या देशभर ऐकल्या गेल्या.

त्या काळातली क्लेअरची माणसं इतक्या जागा बदलत नसत. घरोघरी स्वस्त, दोन ओळींची जर्मन कॉन्सर्टिना असायची. बहुतेक वाजवणं एका ओळीत, फार तर दोन. स्वयंपाकघरात नाच चालायचा, त्यासाठी वाजवायचं. कंदील ज्याला उचकी म्हणतात, तिच्यावरच नाचणाऱ्यांचे पाय पडायचे! भाता फिरतो तिथे आपोआप ठोसा येतो. सगळं एका ओढीत गुळगुळीत केलं की तो ठोसा जातो.

आणि गंमत बघा. हीच धून तळव्याजवळच्या ओळीत, डाव्या हाताने वाजवा. अनामिका सा-रे, मधलं बोट ग, तर्जनी प-ध. वरच्या सांला उजवी तर्जनी. उडी लागतच नाही. तीन बोटांत घर चालतं.

कंदील | सोमवार, संध्याकाळी ६.३०

ओवीताई, मान्य, आणि ‘उचकी’ हा शब्द मागे घेतो. केशसारख्या पांढरी पाचच्या धुनेला ओळीतलं वाजवणं मस्तच लागतं. रानजाईंनी दोन्ही करून बघावं.

अडचण पुढे येते. इथल्या सेशनमध्ये (म्हणजे सगळे जमून वाजवतात तेव्हा) निम्म्या धुना पांढरी दोनच्या असतात. त्यांना काळी एक लागते, आणि ती तळव्याजवळच्या ओळीत नाही, मधल्याही नाही. बाहेरच्या ओळीत जावंच लागतं. एकदा तीन ओळींत फिरायचं म्हटलं की उडी न मारण्याचा नियम लागतो. नोएल हिलसारखे क्लेअरचेच वादक तो इतका कसोशीने शिकवतात, त्याचं कारण हे. ठोसा त्यांच्या वादनातही असतो. फक्त कुठे द्यायचा ते ओळ ठरवत नाही, वादक ठरवतो.

ओवी | सोमवार, संध्याकाळी ७.०५

‘वादक ठरवतो’ हे बोलायला सोपं. मी ऐकलेल्या नव्या मुलांपैकी निम्मी काहीच ठरवत नाहीत, नुसती पळतात. असो. पांढरी दोनचा मुद्दा बरोबर आहे.

रानजाई | बुधवार, रात्री ११.१५

तीन दिवस कंदील यांच्या पद्धतीने केलं. मधलं बोट पहिल्या दिवशी रडलं, आज बरं आहे. ‘धपग पगरे’ पहिल्यांदा सलग निघालं, इतकं की मीच दचकून थांबले.

पण नवीनच संकट. धून दोनदा म्हणेपर्यंत भाता पुरा उघडतो. तिसऱ्यांदा मी दोन्ही हात पसरून बसलेली, जणू मापं घ्यायला शिंप्यासमोर उभी आहे. यजमानांनी फोटो काढलाय, टाकणार नाही.

दुसरं, डावं मनगट दुखतं.

कंदील | गुरुवार, सकाळी ८.४५

हिशेब करा. त्या चार घरांत मिळून चोवीस मात्रा. माझ्या जागा वापरल्या तर सतरा बाहेर, सात आत. भाता उघडणारच! म्हणूनच उजव्या अंगठ्याशी हवेचं बटण आहे. अंगठा सूर वाजवत नाही, पण रिकामाही नसतो. पहिला ‘सा - -’ आत आहे आणि तीन मात्रांचा आहे. त्या तीन मात्रांत सा वाजत असतानाच हवेचं बटण किंचित दाबायचं, भाता जास्त मिटतो. किंचित म्हणजे खरंच किंचित. पुरतं दाबलं तर सा दमेकऱ्यासारखा होतो. नवशिके हवेचं बटण दोन ओळींच्या मधे, सूर थांबवून वापरतात. त्याने ताल जातो.

तरीही उघडत असेल तर ‘सांपप’ मधले दोन प डाव्या हाताला, तळव्याजवळच्या ओळीत आत घ्या. सतराचे पंधरा होतात. बघा, एका सुराच्या दोन जागा असण्याचा फायदा. तुम्ही ज्याला गोंधळ म्हणत होतात ती शिल्लक आहे.

उलट, भाता आधीच फार मिटला असेल तर सां सुद्धा बाहेर घ्या: उजवा हात, बाहेरची ओळ, दुसरं बटण.

मनगटासाठी: वाद्य हवेत धरता का? डावं टोक डाव्या मांडीवर टेकवा आणि ते हलू देऊ नका. भाता फक्त उजव्या हाताने. आणि पट्टा तपासा. ढिला असेल तर भाता फिरवताना तळवा आधी पोकळीत हलतो, मग वाद्य हलतं. तेवढा उशीर भरून काढायला मनगट आवळलं जातं. फार घट्ट असेल तर करंगळी पलीकडच्या ओळीपर्यंत पोचत नाही. मधलं माप शोधा.

मध्यमपंचम | गुरुवार, सकाळी ९.३०

बोटं किती उचलता तेही बघा. पेटीला सांगतो तेच. पट्टी सोडल्यावर बोट पट्टीला टेकलेलंच राहावं, हवेत मोराचा तुरा नको.

रानजाई | शनिवार, रात्री १०.२०

पट्टा ढिलाच होता. एक भोक आत घेतलं, मनगट शांत.

सांपप मधले प आत घेऊन बघितले, जमले. पण कंदील, तुमचा तो बाहेरचा सां मिळत नाहीये. उजवा हात, बाहेरची ओळ, दुसरं बटण, भाता बाहेर: माझ्याकडे तिथे कोमल ध वाजतो! भूपात कोमल ध, काका ओरडतील. रीड बिघडली असेल का? विकणाऱ्याने ‘नुकतंच सूर लावून दिलंय’ असं छातीठोक सांगितलं होतं.

कंदील | शनिवार, रात्री १०.३१

एक मिनिट. तेच बटण आत दाबून काय येतं? आणि त्याच्या आधीचं, पहिलं?

रानजाई | शनिवार, रात्री १०.४४

पेटीवर लावून बघितलं. पहिलं: आत कोमल ध, बाहेर तीव्र म. दुसरं: आत तीव्र म, बाहेर कोमल ध. एकमेकांचा आरसा.

कंदील | शनिवार, रात्री १०.५०

रीड ठणठणीत आहे, चूक माझी. मी व्हीटस्टन-लाशनाल मांडणी धरून लिहीत होतो. त्यात पहिलं बटण आत तीव्र म, बाहेर कोमल ध, आणि दुसऱ्यावर बाहेर सां. तुमची जेफ्रीज मांडणी आहे. मांडणीतला मोठा फरक उजव्या हाताच्या या बाहेरच्या ओळीतच असतो. तुमचा बाहेरचा सां त्याच ओळीत तिसऱ्या बटणावर असायला हवा, बघा.

म्हणजे व्हिडिओंतली निम्मी बटणं तुम्हाला का जुळत नव्हती तेही समजलं. बहुतेक जण आपली मांडणी सांगतच नाहीत. विकणाऱ्याने तुम्हाला सांगायला हवं होतं.

पण वाईट वाटून घेऊ नका. तो ‘आरसा’ म्हणजे काळी एक तुम्हाला आतही मिळते, बाहेरही. माझ्याकडे या सप्तकात ती फक्त आत. पांढरी दोनच्या धुनांत मी तिच्यासाठी भाता फिरवत बसतो, तुम्हाला फिरवावा लागणार नाही.

रानजाई | शनिवार, रात्री ११.०२

तिसऱ्यावर मिळाला!! वर्षभर मला वाटत होतं, माझेच कान गेलेत.

काथ्याकुटे | शनिवार, रात्री ११.१०

नोंदीसाठी: चार्ल्स जेफ्रीज हा लंडनचा कारागीर, आणि लाशनाल आधी व्हीटस्टनकडेच कामाला होता.

लीड्सकर | शनिवार, रात्री ११.१२

तरीच म्हटलं, तुम्ही आला नाहीत अजून.

मध्यमपंचम | रविवार, सकाळी ७.००

मग आता त्याच्यावर खरा भूप होऊन जाऊ द्या. आरोह-अवरोह, विलंबित. आत काय, बाहेर काय ते कळवा.

रानजाई | रविवार, सकाळी ११.४५

काका, लावून बघितला. रे, ग, प बाहेर. ध सुद्धा डाव्या हाताला तळव्याजवळच्या ओळीत बाहेर मिळतो. सा तेवढा आत. म्हणजे रेगपध भाता उघडत जातो आणि सावर आलं की मिटतो. अवरोहात ध डावी तर्जनी, मग प-ग उजवीकडे, मग रे परत डाव्या तर्जनीने. मधे दोन सूर गेल्यामुळे ती उडी मारत नाही, चालत पोचते. फक्त धरे अशी थेट संगती घेतली की जुनं पाप परत. त्याला रे बाहेरच, पण तळव्याजवळच्या ओळीत अनामिकेवर ठेवलाय. अजून लंगडतोय.

मंगळवारी सेशन आहे. केश जिग म्हणणार, मागच्या खुर्चीत बसून, हळू.

बेसूरबंड्या | रविवार, दुपारी १२.०५

रुमाल उचलतो. बुधवारी परत टाकेन.